राखणदाराचा पगार

बिटकॉइन कुठवर जाईल, असं विचारणारे दर दिवाळीत भेटतात. मी त्यांना उलट विचारतो, व्यवहार तपासणाऱ्याला पैसे कोण देतं? पुष्कळांना हा प्रश्न रुक्ष वाटतो. मला मात्र तो एकच प्रश्न इतकी वर्षं पुरून उरला आहे. मागे कंपनी नसलेल्या, लोकांनीच चालवलेल्या टोकनचं जगणं-मरणं त्यावरच ठरतं.

माझं मत जुनंच आहे. काही वाचकांना पाठही असेल. व्यवहारावरच्या शुल्काचं काम गर्दीला आवर घालण्याचं, राखणदाराचा पगार काढण्याचं नव्हे. सोसायटीचा वॉचमन फाटकातून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे सुट्टे मागत नाही. त्याचा पगार मेंटेनन्समधून जातो, कारण घरात झोपलेल्यांचीही राखण तोच करतो. टोकन नुसतं सांभाळून बसलेल्यानेही राखणीचा वाटा उचलायला हवा, आणि त्याचा सरळ मार्ग म्हणजे थोडी, ठरावीक, कायमची नवी नाणी.

बिटकॉइनने याच्या उलट ठरवलं. 2009 मध्ये व्यवहार तपासून ब्लॉक जोडणाऱ्या मायनरला ब्लॉकमागे 50 नवी नाणी बक्षीस, दर 2,10,000 ब्लॉकनंतर निम्मी. एप्रिल 2024 पासून 3.125. पुढे कधीतरी सगळं शुल्कावर भागवायचं. 2016 मध्ये प्रिन्स्टनच्या अरविंद नारायणन आणि सहकाऱ्यांनी यातली मेख दाखवली. नुसत्या शुल्कावर जगणाऱ्या मायनरला साखळी पुढे नेण्यापेक्षा आधीचा भरगच्च ब्लॉक डावलून त्यातलं शुल्क आपल्याकडे ओढणं फायद्याचं ठरू शकतं. 'दोन कोटी दहा लाख' नाण्यांच्या कमाल मर्यादेची जपमाळ ओढणाऱ्या आमच्या मित्रांना मी हे कैकदा ऐकवलं. ते बक्षीस निम्मं होण्याच्या दर हाल्व्हिंगला पेढे वाटतात.

दुसऱ्या टोकाला शून्य शुल्कवाले. नॅनो या नाण्यात शुल्क नाही आणि बक्षीसही नाही. मार्च 2021 मध्ये कोणीतरी फुकटच्या व्यवहारांचा लोंढा सोडला आणि नोड धापा टाकू लागले. भारतीय संस्थापकांच्या पॉलिगॉनलाही (त्यांच्या चाचणी-जाळ्याचं नाव कित्येक वर्षं 'मुंबई' होतं) त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कचरा-व्यवहार रोखायला किमान दर 1 ग्वेईवरून 30 वर न्यावा लागला. इथेरियमबद्दल इतकं छापून आलंय की दोन वाक्यं पुरेत. 5 ऑगस्ट 2021 पासून त्याचं मूळ शुल्क गर्दीनुसार दर ब्लॉकला जास्तीत जास्त 12.5 टक्के वरखाली होतं आणि जाळलं जातं. मात्र शुल्क जाळण्याची कल्पना सनी किंगच्या पीअरकॉइनने 2012 मध्येच अमलात आणली होती, हे आजच्या तज्ज्ञांच्या गावीही नसतं.

डोजकॉइनला हसणाऱ्यांनी जरा थांबावं. 2013 मध्ये थट्टा म्हणून निघालेल्या या नाण्याचं बक्षीस 2015 पासून मिनिटाला एका ब्लॉकमागे 10,000 असं कायमचं ठरलेलं आहे. वर्षाला सव्वापाचशे कोटींच्या आसपास नवी नाणी. आकडा तोच, म्हणून टक्केवारी दरवर्षी घटते. 2021 मध्ये भाव चढला आणि किलोबाइटला 1 डोज हे शुल्क जड झालं, तेव्हा स्वयंसेवकांनी शिफारस थेट 0.01 वर आणली. मायनरचं पोट शुल्कावर नव्हतं, म्हणून शंभरपट कपात पचली.

पण माझा जीव मोनेरोत. एप्रिल 2014 मध्ये निघालेलं, मूळ कर्त्याला बाजूला सारून लोकांनी ताब्यात घेतलेलं हे चलन. त्यात ब्लॉकच्या आकाराला पक्की मर्यादा नाही. मायनरने अलीकडच्या ब्लॉकांच्या मध्यकापेक्षा मोठा ब्लॉक बांधला, तर बक्षीस कापलं जातं, आणि कपात वर्गाने वाढते. मध्यकाच्या दीडपट ब्लॉक केला तर चौथा हिस्सा गेला. दुप्पट केला तर सगळंच गेलं. म्हणजे वाढीव व्यवहारांचं शुल्क त्या कपातीपेक्षा जास्त असेल, तरच मायनर जागा वाढवणार. आता बक्षीस शून्यावर आलं असतं, तर कापणार काय? म्हणूनच ब्लॉकमागे 0.6 मोनेरोचं कधीही न संपणारं बक्षीस ठेवलं. ते जून 2022 मध्ये लागू झालं. दर दोन मिनिटांना एक ब्लॉक, म्हणजे वर्षाला सुमारे 1,57,680 नाणी; एकूण साठ्याच्या एक टक्क्याहूनही कमी. 'ही तर चलनवाढ!' म्हणून ओरडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. राखणदाराचा पगार आणि गर्दीचा लगाम एकाच खिळ्याला टांगलेले इतके नेटके मला दुसरीकडे कुठे दिसले नाहीत.

पुण्यातल्या आमच्या बैठकांत पूर्वी अशा सूत्रांवर चहा थंड होईस्तोवर भांडणं होत. आता नवं टोकन आलं की पहिला प्रश्न एअरड्रॉप कधी? संस्थापकांचा वाटा आधी ठरतो, शुल्काचं सूत्र दुसऱ्याचं उचललं जातं आणि व्यवहार तपासणारे व्हॅलिडेटर भाड्याच्या सर्व्हरवर बसतात. घरी नोड चालवणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यात आपला कर. 2022 पासून नफ्यावर 30 टक्के, आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च खरेदी किमतीत धरता येणार नाही, असं सरकारने संसदेत स्पष्ट केलेलं आहे. राखण करणाऱ्याने खर्च पदरचा करायचा आणि कर मात्र पुरा भरायचा.

तरीही कोणी लोकांचं टोकन काढायला निघालंच असेल, तर मला श्वेतपत्रिका पाठवू नका. दहा वर्षांनंतरच्या एका ब्लॉकचा हिशेब पाठवा. नवी नाणी किती, शुल्क किती, आणि ते कोणाच्या खिशात.