पंचाहत्तर सेकंदांची कसोटी

शिट्टी वाजते आणि मधोमध उभा असलेला खेळाडू धावत सुटतो. तीन मीटरवरच्या जोडीदाराला खांद्यावरून उचलून मॅटवर आपटतो, वळतो, विरुद्ध टोकाच्या दुसऱ्या जोडीदाराकडे धावतो आणि त्यालाही आपटतो. १५ सेकंद हे असंच चालतं. मग १० सेकंद विश्रांती, पुन्हा ३० सेकंद, पुन्हा १० सेकंद विश्रांती आणि शेवटचे ३० सेकंद. तिसऱ्या फेरीत पाय जड होतात, पकड सैल पडू लागते. खरी परीक्षा इथेच होते.

ही ‘स्पेशल ज्युदो फिटनेस टेस्ट’. पोलंडचे अभ्यासक स्तानिस्वाफ स्तेर्कोविच यांनी ती १९९५ मध्ये मांडली. डाव ठरलेला असतो, इप्पोन सेओई नागे. आपल्या कुस्तीतल्या धोबीपछाडचा जवळचा नातलग.

वेगळी चाचणी कशाला, बीप टेस्ट आहे की! २० मीटरच्या त्या धावण्यात दमसास कळतो, आणि तो लागतोच. दोन झटापटींच्या मधे शरीर सावरतं ते त्याच्याच जोरावर. पण ज्युदोची लढत चार मिनिटांची असते आणि ती धावण्यासारखी एका लयीत चालत नाही. वीस-तीस सेकंदांची झटापट होते, पंच ‘माते’ म्हणून थांबवतात, काही सेकंदांत पुन्हा ‘हाजिमे’. विन्गेट चाचणीत ३० सेकंद सायकल जिवाच्या आकांताने मारायची असते. त्यातून पायांची ताकद नेमकी मोजता येते, पण समोरच्याचा गी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, मुठीत धरून त्याला ओढताना हातांचं काय होतं, हे सायकलला कसं कळणार? म्हणून चाचणी लढतीसारखीच हवी.

हिशेब सोपा आहे. चाचणी संपताच हृदयाचे ठोके मोजायचे, एक मिनिटाने पुन्हा मोजायचे. दोन्हींच्या बेरजेला एकूण फेकींनी भागायचं. येणारा निर्देशांक जितका कमी, तितका खेळाडू तयारीचा.

मात्र एकट्या निर्देशांकावर विसंबणं धोक्याचं. समजा, एका खेळाडूने २४ फेकी केल्या, ठोके १६० आणि मिनिटाने १२८. बेरीज २८८, निर्देशांक १२. दुसऱ्याने २८ फेकी केल्या, ठोके १८४ आणि १५२. बेरीज ३३६, निर्देशांक पुन्हा १२! पहिल्याच्या हृदयावर ताण कमी पडला, पण त्याला वेग आणि स्फोटक ताकद वाढवायला हवी. दुसरा चपळ आहे, पण त्याच्या हृदयाला त्याची किंमत जास्त मोजावी लागते. दोघांना एकच सराव देणारा प्रशिक्षक दोघांचंही नुकसान करेल.

वजनाचाही प्रश्न आहे. जड गटातला खेळाडू तेवढ्याच वेळात कमी फेकी करणार, त्यामुळे ६० किलोवाल्याशी त्याची तुलना करणं अन्यायाचं. जोडीदारही साधारण त्याच्याच वजन-उंचीचे हवेत. उकाडा, अपुरी झोप, वजन उतरवण्यासाठी पाणी तोडणं, या साऱ्याने ठोके बदलतात. स्पर्धेआधी उपाशी राहिलेल्या मुलाची ही चाचणी घेऊ नये. आकडा फसवा येईलच, शिवाय मुलाच्या प्रकृतीशी तो खेळ होईल.

हाच विचार तायक्वांदोतही रुजला. तिथे १० सेकंदांत जास्तीत जास्त लाथा मारायच्या, १० सेकंद थांबायचं, अशा पाच फेऱ्या. एकूण लाथा मोजतातच, पण पहिल्या फेरीपासून पाचव्यापर्यंत वेग किती घसरला, हेही पाहतात. लढत ज्या क्षणी हातातून निसटते, तो क्षण अशा घसरणीत दिसतो.

आपल्या तालमींत जोर-बैठकांची मोजदाद पूर्वीपासून होते, वस्तादांची नजरही तीक्ष्ण असते. तरी नजरेच्या जोडीला नोंद हवी. ज्युदोच्या या चाचणीला मॅट, घड्याळ, दोन जोडीदार आणि ठोके मोजणारा पट्टा एवढंच लागतं. शेवटचे ठोके धरूनही ती तीन मिनिटांच्या आत संपते. तालुक्याच्या क्लबलाही ती सहज परवडेल. फक्त दोन गोष्टी प्रशिक्षकांनी पाळाव्यात. ज्यांचं पडण्याचं तंत्र पक्कं आहे, अशाच मुलांना जोडीदार म्हणून उभं करावं. दीड मिनिटात त्यांना डझनभर वेळा आपटलं जातं. आणि वहीत निर्देशांकाबरोबर फेकी व दोन्ही वेळचे ठोके वेगवेगळे लिहावेत.