ईमेलला पिनकोड

गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहून गेला. मुदतीचे पत्र वेळेवर आले होते. पण शाळेच्या ईमेलमध्ये न उघडलेल्या दोनेक हजार पत्रांखाली ते दडपले गेले. चूक आमचीच.

टपालखाते असा ढीग कसा उपसते? अकोल्याचा पिनकोड ४४४००१, अमरावतीचा ४४४६०१. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिले तीन अंक वर्गवारीचा जिल्हा सांगतात, पुढचे तीन टपाल कार्यालय. चेन्नईत पत्रे लावणाऱ्याला अमरावती कुठे आहे हे ठाऊक नसले तरी चालते. ४४४ पाहून पत्र वऱ्हाडाच्या वाटेला लागते. अकोला की अमरावती, हे पुढचे अंक ठरवतात. मुख्य म्हणजे, पत्र उघडून कोणी वाचत बसत नाही.

आपण नेमके उलटे करतो. पत्र उघडतो, अर्धे वाचतो, ‘नंतर पाहू’ म्हणून तिथेच ठेवतो. त्यापेक्षा ईमेलमधला फिल्टर वापरावा. ‘या पत्त्यावरून आलेले पत्र या कप्प्यात’ असा नियम एकदा लिहून दिला, की वर्गवारी आपोआप होते. आम्ही परिपत्रके, शिष्यवृत्ती आणि जाहिराती असे तीनच कप्पे केले. पंधरा केले असते, तर पत्र कुठल्या कप्प्यात गेले तेच शोधत बसलो असतो!

चाळणी चुकतेही. कामाचे पत्र कधी स्पॅममध्ये जाऊन पडते. तो कप्पा आठवड्यातून एकदा पाहावाच. जीमेलमध्ये तिथली पत्रे ३० दिवसांनी आपोआप पुसली जातात.