ड्राइव्ह गेला, तबकड्या राहिल्या

एमआरआय काढून बाहेर पडताना हातात अजूनही तीन गोष्टी येतात: फिल्मचं मोठं पाकीट, टाइप केलेला रिपोर्ट आणि कागदी पाकिटातली एक सीडी. फिल्मवर निवडक छेद असतात. तपासणीत घेतलेल्या शेकडो प्रतिमांचा पूर्ण संच सीडीत असतो आणि तो उघडून दाखवणारं छोटं सॉफ्टवेअरही तिच्यावरच घातलेलं असतं. दुसऱ्या शहरातल्या तज्ज्ञांचं मत घ्यायचं तर तीच पुढे करावी लागते. बरीच केंद्रं आता मोबाइलवर लिंकही पाठवतात, पण लिंक बंद पडली की कपाटात उरते ती सीडीच. ती लावायची कुठे, हा प्रश्न आता घरोघरी आहे. अलीकडे घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपना तिच्यासाठी खाचच नाही. कॅबिनेटवाला कॉम्प्युटर घेतला तरी त्याच्या तोंडावर आता सलग पत्रा नाहीतर काच असते.

सीडी-डीव्हीडी गेल्याबद्दल लोक बोलतात, हळहळतातही. त्या वाचणाऱ्या यंत्राबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तबकडी म्हणजे शेवटी प्लॅस्टिकची चकती; तिला वाचा फुटते ती ड्राइव्हमुळे. हार्ड डिस्क अचूकतेत त्याच्या पुढेच असेल, पण ती सीलबंद डब्यात, धुळीपासून दूर, आयुष्यभर आपल्याच तबकड्यांशी संसार करते. ड्राइव्हसमोर कुणाच्याही घरची, कुणाच्याही बोटांचे ठसे उमटलेली, ओरखडलेली, किंचित वाकलेली तबकडी येई आणि तिच्यातूनही त्याला मजकूर काढावा लागे. सर्वसामान्य घरात शिरलेलं इतकं सोशिक आणि तरीही इतकं नेमकं दुसरं यंत्र मला माहीत नाही.

मूळ तबकडी गाण्यांसाठी जन्मली. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये मिळून तिचं मानक ठरवलं आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा पहिला सीडी प्लेअर जपानच्या बाजारात आला. व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, मधलं भोक १५ मिलिमीटर. ही मापं पुढे डीव्हीडी आली, ब्ल्यू-रे आली तरी बदलली नाहीत, म्हणूनच आजचा ब्ल्यू-रे ड्राइव्ह चाळीस वर्षांपूर्वीची सीडी वाचू शकतो. कॉम्प्युटरच्या जगात असं मागच्यांना सांभाळून घेणं फार थोड्यांना जमलं.

गाण्यात एखादा कण चुकला तर आजूबाजूच्या सुरांवरून अंदाज बांधून भागवता येतं. कानाला कळतही नाही. प्रोग्रॅममध्ये एक बिट चुकला तरी तो प्रोग्रॅम बंद पडू शकतो. म्हणून कॉम्प्युटरसाठी सीडी-रॉमचं मानक केलं तेव्हा दुरुस्तीचा आणखी एक थर घातला. २३५२ बाइट्सच्या प्रत्येक तुकड्यात आपला मजकूर २०४८ बाइट्सच. बाकीची जागा खुणा आणि चूक सुधारण्याच्या हिशेबासाठी. एवढं सोडूनही एका सीडीवर ६५० एमबी मावत. म्हणजे साडेचारशे फ्लॉप्या. आयबीएमच्या १९८३ च्या पीसी एक्सटीची हार्ड डिस्क १० एमबीची होती, त्या काळातली ही गोष्ट.

जुना बंद पडलेला ड्राइव्ह असेल तर उघडून बघावा. तोंडावर एक बारीक भोक असतं; यू पिन सरळ करून त्यात हळूच दाबली की वीज नसतानाही ट्रे बाहेर येतो. खालचे चार स्क्रू काढले, पत्रा उचलला की तबकडी फिरवणारी छोटी मोटर दिसते आणि तिच्या शेजारी दोन दांड्यांवर पुढेमागे सरकणारी गाडी. त्या गाडीवर मसुराच्या दाण्याएवढी लेन्स असते. पेनाच्या टोकाने अगदी हलकेच स्पर्श केला तर ती थरथरते, कारण ती कशालाच पक्की बसवलेली नाही. केसासारख्या तारांवर ती तरंगते आणि बाजूच्या कॉइलमधला प्रवाह बदलला की चुंबकाच्या जोरावर वरखाली, आतबाहेर हलते.

ती अशी तरंगती का, ते पुढच्या आकड्यांवरून कळतं. सीडीवरचा मजकूर आतून बाहेर जाणाऱ्या एकाच सर्पिल रेषेत कोरलेला असतो आणि दोन फेऱ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन. एका मिलिमीटरात सव्वासहाशे फेरे बसतात. रेष उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. फिरताना तबकडी वरखाली अर्ध्या मिलिमीटरपर्यंत डुलू शकते. लेसरचा झोत मात्र मजकुराच्या थरावर मायक्रॉनभराच्या आत टेकलेला राहिला पाहिजे. त्यासाठी परत आलेला उजेड चार भागांत विभागलेल्या प्रकाश-संवेदकावर पडतो. ठिपका गोल पडला तर नेम बरोबर; एका बाजूने लांबट झाला तर लेन्स जवळ आलीय, दुसऱ्या बाजूने लांबट झाला तर दूर गेलीय. त्या आकारावरून कॉइलला हुकूम जातो आणि लेन्स सरकते. तबकडीच्या प्रत्येक फेऱ्यात हे अखंड चाललेलं असतं.

धुळीचाही बंदोबस्त याच रचनेत आहे. तबकडीच्या लेसरकडच्या पृष्ठभागावर झोत जवळजवळ ०.८ मिलिमीटर रुंद असतो आणि प्लॅस्टिकमधून आत गेल्यावरच तो बारीक होतो. खिडकीच्या जाळीतून लांबचं झाड बघताना जाळी जशी दिसेनाशी होते, तसे त्या पृष्ठभागावरचे धूळकण लेसरला दिसतच नाहीत. ओरखडा आलाच तर मजकूर मुळातच रेषेवर थोडा पुढेमागे विखरून लिहिलेला असतो, त्यामुळे रेषेवरचा दोन-अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा गेला तरी गणिताने तो पुन्हा उभा करता येतो. सीडी पुसताना गोल न फिरवता मधून कडेकडे सरळ पुसायची, ती याचसाठी. गोल फिरवताना ओरखडा पडला तर तो रेषेच्या दिशेने पडतो आणि सलग मजकूर जातो. आडवा पडला तर प्रत्येक फेऱ्याचा कणभरच भाग जातो.

वेगाची शर्यत नव्वदच्या दशकात लागली. गाण्याच्या वेगाला एकपट म्हणायचं, सेकंदाला १५० केबी. मग दुप्पट, चौपट, आठपट, २४, ४०, ५२. बावन्नपट वेगाला तबकडी मिनिटाला जवळपास दहा हजार फेरे घेते आणि तिची कड ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या वेगाने धावते. ड्राइव्ह सुरू झाला की टेबल घुमायचं, ते यामुळे. मधल्या भोकाशी तडा गेलेली सीडी या वेगात आतल्या आत फुटून तिचे तुकडे होत. शर्यत थांबली ती इथे. लेसर आणखी पळायला तयार होता, पण प्लॅस्टिक नव्हतं.

आपल्याकडे या यंत्राचे खरे दिवस साधारण १९९८ ते २०१० चे. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून कुंथत येई. मोठं सॉफ्टवेअर उतरवून घेणं अशक्यच होतं. मुंबईहून निघणाऱ्या ‘चिप’ आणि नंतर ‘डिजिट’ या मासिकांबरोबर सीडी येत आणि गावोगावच्या पोरांनी त्यातून प्रोग्रॅम, गेम्स, अँटिव्हायरसचे अपडेट मिळवले. उबुंटूवाले तर २०११ पर्यंत कुणी मागितली की जगभर कुठेही फुकट सीडी टपालाने पाठवत. नेट नसलेल्या तालुक्यातल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला लिनक्स भेटलं ते पोस्टमनच्या हातून, आणि उघडलं ते ड्राइव्हमुळे.

मग घरात सीडी रायटर आला. कोऱ्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो. लिहिताना लेसरचा जोर वाढतो, रंग जळतो आणि त्या जागी उजेड परततो कमी. सुरुवातीच्या रायटरांचा एक जीवघेणा स्वभाव होता. एकदा लिहायला घेतलं की मध्ये थांबता येत नसे. कॉम्प्युटर क्षणभर दुसऱ्या कामात गुंतला आणि मजकूर वेळेवर पोचला नाही की सीडी वाया. सान्योने २००० च्या सुमारास थांबून पुन्हा तिथूनच पुढे लिहिण्याची युक्ती आणली आणि हा त्रास गेला. वीज गेली तर मात्र तीही कामाची नव्हती. भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रातले लग्नाचे व्हिडिओवाले रात्री, वीज टिकण्याच्या वेळात, यूपीएस लावून डिस्क लिहीत. मुंजी, बारशी, गॅदरिंगं, भजनी मंडळांची रेकॉर्डिंगं या रात्रींतून बाहेर पडली. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत पन्नास कोऱ्या सीडींचे डबे चळतीने रचलेले असत.

त्यातले पुष्कळ डबे मोझर बेअरचे. दीपक पुरी यांनी १९८३ मध्ये दिल्लीत सुरू केलेली ही कंपनी फ्लॉपीवरून १९९९ मध्ये सीडी-आरकडे वळली आणि काही वर्षांतच जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांत जाऊन बसली. एका भारतीय कारखान्याने जपान आणि तैवानच्या खांद्याला खांदा लावलेलं ते उदाहरण आहे. पुढे तिने २८ रुपयांत चित्रपटाची व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली. पायरेटेड कॉपीच्या किमतीत अस्सल माल. २०१८ मध्ये तिचं दिवाळं निघून कंपनी विकून टाकण्याचा आदेश झाला.

ड्राइव्हचं मरण एका घावाने आलं नाही. पेनड्राइव्ह स्वस्त झाला, इंटरनेट वेगवान झालं हे सगळ्यांना दिसलं. त्याहून मला निर्णायक वाटते ती जाडी. लॅपटॉपमधला ड्राइव्ह १२.७ मिलिमीटर जाड असे, दामटून ९.५ वर आणला, त्याखाली जायला फारसा वाव नव्हता. तबकडी स्वतः १.२ मिलिमीटरची, वर लेन्स, मोटर आणि फिरण्यापुरती मोकळी जागा. जानेवारी २००८ मध्ये ॲपलने ड्राइव्हशिवायची मॅकबुक एअर दाखवली, सर्वांत जाड जागी दोन सेंटिमीटरहून कमी. काही वर्षांत सगळे त्या वाटेने गेले. २०१२ च्या विंडोज ८ मधून डीव्हीडी चित्रपट चालवण्याची मुळातली सोय निघाली.

धंदाही आतून पोखरला होता. एक डीव्हीडी रायटर हजार रुपयांच्या आसपास मिळू लागला तेव्हा आपल्याला आनंद झाला, पण एवढ्या बारकाईच्या यंत्रात बनवणाऱ्याला काय सुटत असेल याचा विचार कुणी केला नाही. उत्पादक उरले मूठभर आणि गिऱ्हाइकं म्हणजे डेल, एचपीसारख्या अवाढव्य कंपन्या. आठ पुरवठादारांनी २००४ ते २००८ या काळात या दोघांच्या निविदांबाबत आपसांत संगनमत केल्याचं युरोपीय आयोगाने २०१५ मध्ये ठरवलं आणि एकूण ११ कोटी ६० लाख युरोंचा दंड केला. संगनमत चुकीचंच, पण त्यामागची कासाविशीही त्यातून दिसते. सोनीने ड्राइव्ह बनवणारी ऑप्टिआर्क कंपनी २०१३ पर्यंत गुंडाळली. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्ल्यू-रे डिस्क बनवणंही थांबवलं. ब्ल्यू-रेच्या फोर-के चित्रपटांचं तर आणखी वाईट झालं: ते कॉम्प्युटरवर बघायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एक सुरक्षा-सोय लागत असे आणि ती सोय इंटेलने ११ व्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून काढून टाकली. ड्राइव्ह आहे, डिस्क आहे, नवा कॉम्प्युटर आहे, आणि चित्रपट चालत नाही.

यंत्र गेलं, पण त्याच्या हवाली केलेलं काम संपलेलं नाही. कोर्टाच्या फायलींत पुरावा म्हणून जोडलेल्या सीडी टाचलेल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अन्वर पी. व्ही. विरुद्ध पी. के. बशीर या खटल्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच असं सांगितलं, तो वादही सीडींवरूनच झाला होता. ग्रंथालयांत पुस्तकांच्या मागच्या खिशात सीडी आहेत. घरोघरी आजीचा सत्तराव्या वाढदिवसाचा व्हिडिओ एकाच डीव्हीडीवर आहे आणि दुसरी प्रत कुणाकडेच नाही. ही सगळी सामग्री खराब व्हायच्या आधी ती वाचणारे ड्राइव्ह संपतील, अशी मला खरी भीती वाटते.

म्हणून ज्यांच्याकडे अशा तबकड्या आहेत त्यांनी घरी लिहिलेल्या आधी दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. रंगद्रव्य ऊन, उष्णता आणि दमट हवेने फिकं पडतं, कारखान्यात छापलेल्या त्या मानाने टिकतात. एका ड्राइव्हने नाकारलेली सीडी दुसरा कधीकधी वाचून दाखवतो, तेव्हा एका नकारावर ती फेकू नये. ट्रे अडत असेल तर बहुधा आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो आणि तो बदलता येतो. लेसर म्हातारा झाला असेल तर मात्र इलाज नाही. जुना कॉम्प्युटर भंगारात देताना ड्राइव्ह काढून घ्यावा, चार स्क्रू आणि दोन केबलींचं काम आहे. साटा जोडणीचा असेल तर त्याला यूएसबीवर आणणारी केबल बाजारात मिळते. फक्त कॅबिनेटमधल्या मोठ्या ड्राइव्हला ५ व्होल्टबरोबर १२ व्होल्टही लागतात, म्हणून वेगळा पॉवर अडॅप्टर असलेलीच केबल घ्यावी.