विश्लेषण : ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असा इशारा का येतो? संकेतस्थळ बनावट की फोन जुना?

परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत रात्री बारा वाजता संपणार असते. संकेतस्थळ उघडताच ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असा इशारा दिसतो. खाली पुढे जाण्याचा पर्यायही असतो आणि घाईत अनेक जण तोच निवडतात. प्रत्यक्षात इशाऱ्याचे कारण कळले, तर अनेकदा दोन मिनिटांत मार्ग निघतो.

इशारा कशामुळे?

सुरक्षित संकेतस्थळाकडे डिजिटल प्रमाणपत्र असते. ते देणाऱ्या विश्वासार्ह संस्थांची यादी फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये आधीच असते. प्रमाणपत्रावरील नाव, मुदत किंवा ते देणारी संस्था, यांपैकी एक गोष्ट जरी जुळली नाही, तरी ब्राउझर अडवतो. याचा अर्थ संकेतस्थळ बनावटच आहे असा नाही. ते खरे असल्याची खात्री पटली नाही, एवढाच.

आधी काय तपासावे?

पहिली गोष्ट फोनची तारीख. ती चुकली, तर चालू प्रमाणपत्रही मुदतबाह्य ठरते. सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ ठेवावी. त्यानंतर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पाहावे. सार्वजनिक वायफायचे लॉगिन बाकी असले किंवा कार्यालयाचे नेटवर्क मध्ये तपासणी करत असले, तरी इशारा येतो. पत्त्यातील स्पेलिंगही अक्षर न् अक्षर तपासावे.

जुन्या फोनवरच का?

‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था मोफत प्रमाणपत्रे देते. तिचे मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१च्या आधीच्या फोनमधील यादीत नाही. अशा फोनसाठी केलेली पर्यायी सोय ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. त्यामुळे एकच संकेतस्थळ नव्या फोनवर उघडते आणि जुन्यावर अडते. अशा वेळी दुसरा, अद्ययावत फोन वापरणे उत्तम.

चूक संकेतस्थळाची असेल तर?

सगळ्याच फोनवर ‘डेट इनव्हॅलिड’ दिसत असेल, तर प्रमाणपत्राचे नूतनीकरण राहिले असण्याची शक्यता अधिक. ते वापरकर्त्याच्या हातात नसते. ठरलेल्या वेळापत्रकानुसार प्रमाणपत्राची कमाल मुदत मार्च २०२९पासून ४७ दिवसांवर येणार आहे. नूतनीकरण आपोआप होण्याची व्यवस्था नसेल, तर अशा चुका वाढू शकतात.

पुढे जावे का?

पासवर्ड, ओटीपी, आधार क्रमांक किंवा पैशांचा व्यवहार असेल, तर अजिबात नाही. मध्ये कोणी माहिती वाचत असेल, तर ते कळणारही नाही. कुणी ‘हे प्रमाणपत्र इन्स्टॉल करा’ असे सांगत फाइल पाठवली, तर तीही घेऊ नये. मुदत संपत असेल, तर वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून हेल्पलाइनला कळवावे. आणि इशारा आला नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. बनावट संकेतस्थळालाही वैध प्रमाणपत्र मिळू शकते.