विश्लेषण : ‘वर्षातील सर्वोत्तम बीअर’ ठरते तरी कशी? अमेरिकेने एकच विजेता निवडणे का सोडले?

ब्रिटनमध्ये १९७८ पासून ‘चॅम्पियन बीअर ऑफ ब्रिटन’ हा किताब एका बीअरला दिला जातो. अमेरिकेतही १९८०च्या दशकात देशातील सर्वाधिक पसंतीची बीअर मतदानाने निवडली जात असे. ती पद्धत तिथे बंद पडली. आज अमेरिकेत शंभराच्या आसपास गटांत पदके दिली जातात, पण ‘ही देशातील सर्वोत्तम’ असे कुणी जाहीर करत नाही. चव मोजण्याच्या या दोन पद्धती आणि त्यांच्यामागचा वाद समजून घेण्याजोगा आहे.

अमेरिकेत काय घडले?

‘ग्रेट अमेरिकन बीअर फेस्टिव्हल’ १९८२ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे सुरू झाला आणि दोन वर्षांनी डेन्व्हरला गेला. तिथे आलेले लोक स्टॉलवर बीअर चाखत आणि आवडत्या बीअरला मत देत. १९८५ मध्ये बोस्टनच्या जिम कोच यांची ‘सॅम्युअल अ‍ॅडम्स बोस्टन लागर’ या मतदानात पहिली आली. ती बाजारात येऊन तेव्हा जेमतेम काही आठवडे झाले होते. पुढच्या काही वर्षांतही तिने हे यश मिळवले आणि कंपनीने ‘अमेरिकेतील सर्वोत्तम बीअर’ अशी जाहिरात सुरू केली.

इतर उत्पादकांना हे खटकणे स्वाभाविक होते. स्टॉलवरची गर्दी आणि नावाची हवा यांनाच मते मिळतात, चवीला नव्हे, अशी टीका झाली. १९८७ पासून महोत्सवात तज्ज्ञांकडून ओळख झाकून परीक्षण सुरू झाले. काही काळ दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालल्या, मग मतदान बंद झाले.

पण शब्दांचे भांडण संपले नव्हते. ‘द बेस्ट बीअर इन अमेरिका’ हे शब्द बोधचिन्ह म्हणून आपल्या नावे नोंदवून द्यावेत, असा अर्ज कंपनीने केला. तो नाकारला गेला आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयानेही नकार कायम ठेवला. ही निव्वळ आत्मस्तुती आहे, कोणताही उत्पादक आपल्या मालाबद्दल असे म्हणू शकतो, त्यामुळे या शब्दांवर एकाची मालकी असू शकत नाही, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता.

ओळख झाकणे इतके महत्त्वाचे का?

याचे उत्तर महोत्सवाच्याही आधीचे आहे. राल्फ अ‍ॅलिसन आणि केनेथ उल या संशोधकांनी १९६४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नियमित बीअर पिणाऱ्यांना त्यांनी आधी लेबल काढलेल्या बाटल्या घरी दिल्या. बहुतेकांना निरनिराळ्या ब्रँडमधील फरक सांगता आला नाही आणि स्वतःचा ‘नेहमीचा’ ब्रँडही ओळखता आला नाही. नंतर त्याच बीअर लेबलसह दिल्या, तेव्हा गुण वाढले आणि प्रत्येकाला आपलाच ब्रँड सरस वाटू लागला. बाटलीतला द्रव बदललेला नव्हता, कागद तेवढा चिकटवला होता.

म्हणून आता परीक्षकांपुढे फक्त क्रमांक टाकलेले छोटे ग्लास येतात. ‘ब्लाइंड’ म्हणजे डोळ्यांवर पट्टी नव्हे. रंग, पारदर्शकता आणि फेस पाहावाच लागतो. ज्या गटात स्वतःची बीअर आहे, त्या गटात परीक्षकाला बसता येत नाही. हलक्या चवीकडून तीव्र चवीकडे जायचे, मधे पाणी प्यायचे, ही साधारण रीत. वाइन चाखून थुंकतात. बीअरचे परीक्षक मात्र घोट गिळतात. हॉप्सचा कडवटपणा गिळल्यानंतरही मागे रेंगाळतो आणि घशातून नाकाकडे जाणारा गंध गिळल्यावरच नीट कळतो.

गुण कशाला मिळतात?

घरी बीअर बनवणाऱ्यांच्या स्पर्धांत वापरला जाणारा ‘बीजेसीपी’ तक्ता ५० गुणांचा आहे. त्यात गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या पोताला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण असतात. जाहिरातीत मिरवला जाणारा सोनेरी रंग आणि फेस इथे फक्त तीन गुणांचे धनी!

मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत बेरीज करण्यापेक्षा टेबलावर चर्चा करून एकमत घडवले जाते. आधी दोष शोधतात. लोण्यासारखा वास आला तर डायअ‍ॅसिटिल नावाचे द्रव्य शिल्लक आहे. उकडलेल्या मक्यासारखा वास हाही दोषच. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे बीअर शिळी झाली. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीतल्या बीअरला ऊन लागले तर हॉप्समधील घटकांतून उग्र दुर्गंध तयार होतो. त्यानंतर प्रश्न येतो तो प्रकाराशी इमान राखण्याचा. पिल्सनर पिल्सनरसारखी हवी, स्टाउट स्टाउटसारखी. एकही बीअर त्या दर्जाची नसेल, तर सुवर्णपदक राखून ठेवता येते.

म्हणजे इथे ‘मला आवडली का’ हा मुख्य प्रश्नच नाही. हीच या पद्धतीची ताकद आणि हाच तिच्यावरचा आक्षेप.

ब्रिटनने एकच विजेता का ठेवला?

कारण तिथे हा किताब एका चळवळीचा आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅमरा’ या ग्राहक संघटनेने ‘रिअल एल’ वाचवण्याचा विडा उचलला होता. रिअल एल म्हणजे पिंपातच दुसऱ्यांदा आंबणारी आणि बाहेरचा वायू न भरता दिली जाणारी पारंपरिक बीअर. मोठ्या कंपन्यांची वायू भरलेली बीअर तेव्हा पब काबीज करत होती. त्यामुळे लोकांचे लक्ष वेधणारे एकच नाव हवे होते.

अशा पिंपाला तोटी लावली की ते तीनेक दिवसांत संपवावे लागते. शिवाय चव पबवाल्याच्या हातावरही अवलंबून असते. एका दुपारच्या एका पिंपावर निकाल लागू नये म्हणून निवड वर्षभर चालते. सदस्यांची मते आणि स्थानिक चाखणाऱ्यांच्या गटांचे अभिप्राय यांतून यादी बनते, मग विभागीय फेऱ्या होतात आणि ओळख झाकलेली अंतिम फेरी होते. लोकमत आधी, तज्ज्ञ नंतर, अशी ही तडजोड आहे.

अडचण अंतिम फेरीत येते. फिकी ‘बिटर’ आणि काळी दाट ‘पोर्टर’ यांची तुलना करणे म्हणजे एकाच पंगतीत पुरणपोळी आणि ठेच्याला क्रमांक देणे. १९७८ मध्ये पहिल्याच वर्षी हलकी ‘थ्वेट्स बेस्ट माइल्ड’ आणि कडक ‘फुलर्स ईएसबी’ यांना किताब विभागून द्यावा लागला. तरीही निकाल अगदीच लहरी नसतात. यॉर्कशरमधील टिमथी टेलर यांची ‘लँडलॉर्ड’ १९८२, १९८३, १९९४ आणि १९९९ अशी चार वेळा पहिली आली.

किताबाने व्यवसाय तरतो का?

मागणी वाढते, पण लहान कारखान्याची क्षमता आणि खर्च तेवढेच राहतात. वेस्ट यॉर्कशरमधील एलँड या छोट्या कारखान्याच्या ‘१८७२ पोर्टर’ने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये किताब जिंकला. दुसऱ्या विजयानंतर काही महिन्यांतच कारखाना बंद पडला. नंतर नव्या मालकांनी तो पुन्हा सुरू केला.

भारताचा संबंध काय?

अमेरिकी महोत्सवात ज्या गटांत प्रवेशिकांची सर्वाधिक झुंबड असते, त्यांत ‘इंडिया पेल एल’चे गट आहेत. लंडनहून मुंबई-कोलकात्याकडे जहाजांनी येणाऱ्या, भरपूर हॉप्स घातलेल्या बीअरवरून हे नाव पडले. महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीची सुरुवात पुण्यात २००९ मध्ये ‘डूलली’ने केली आणि आता पुणे-मुंबईत या प्रकाराचे ग्लास सहज मिळतात. मात्र दूरचित्रवाणीवर मद्याच्या जाहिरातीला केबल टेलिव्हिजन नियमांनुसार बंदी आहे. बोस्टनच्या कंपनीने केली तशी ‘देशातील सर्वोत्तम’ची जाहिरात इथे कुणाला पडद्यावर करता येणार नाही, मग ती बीअर कितीही स्पर्धा जिंकलेली असो.