आधी गाठ, मग गठ्ठा

मुरबाड-शहापूरकडे हाताने झोडलेल्या भाताचा पेंढा हातानेच बांधतात. गठ्ठे बांधणारा बेलर लागतो तो हार्वेस्टर फिरलेल्या खाचरात, पसरलेल्या पेंढ्यासाठी. पेंढा ओला असेल तर थांबा. दमट गठ्ठा बुरशी धरतो, आतून तापतो आणि कधी पेटतोही. उचलणारे दाते जमिनीपासून बोट-दोन बोटं वर ठेवा. माती आत जाणार नाही, बांधावर दाते वाकणार नाहीत. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे यंत्र फिरवणारा दांडा, बहुतेक बेलरना मिनिटाला 540 फेऱ्यांचा लागतो. गठ्ठा सुटला की जो तो दाबाची स्प्रिंग आवळत बसतो. आधी सुतळी कापणारी सुरी बोथट झाली आहे का, गाठ मारणाऱ्या चोचीत भुसा अडकलाय का ते पाहा. अर्थात, इंजिन बंद करून, पीटीओ सोडवूनच!