कळपाचं वय आणि तगण्याचा हिशेब

अणदूरहून सोलापूर ओलांडून नान्नजला पोचलं की माळढोक अभयारण्याचा माळ लागतो. १९७९ साली माळढोकासाठी राखलेल्या या गवताळ रानात आज नजरेत भरतात ते काळविटांचे कळप. पाडस, तांबूस तरणा नर, रंग काळवंडून शिंगांना पीळ चढलेला जाणता नर, असे वयाचे गट दुर्बिणीतून ढोबळमानाने वेगळे काढता येतात. समजा, एका मोजणीत एका वर्षाची १०० आणि दोन वर्षांची ६० जनावरं भरली. लगेच वाटतं, तगण्याचं प्रमाण ६० टक्के. पण ही ६० त्या शंभरांतली नव्हेतच. ती त्यांच्या आदल्या वर्षी जन्मलेली. वयांची वाटणी तशीच राहून कळप दरसाल २० टक्क्यांनी वाढत असेल, तर गेल्या वर्षी एका वर्षाची जनावरं ८३च होती, म्हणजे तगली ७२ टक्के. कळप १० टक्क्यांनी घटत असेल, तर ती १११ होती आणि तगली जेमतेम ५४ टक्के. आकडे तेच, एक कळप भरभराटीतला, दुसरा उतरणीला लागलेला. म्हणून कळप वाढतोय की घटतोय हे ठाऊक नसताना नुसत्या वयांवरून काढलेलं प्रमाण मला ग्राह्य वाटत नाही.

मग हाडं तपासावीत, असं कुणी म्हणेल. अलास्कात अडॉल्फ म्यूरी यांनी डॉल मेंढ्यांच्या ६०८ कवट्या गोळा केल्या, शिंगांवरच्या कड्यांवरून मरणाचं वय ठरवलं. एडवर्ड डीव्ही यांनी १९४७ साली त्यावरून गाजलेलं जीवनकोष्टक, म्हणजे कोणत्या वयापर्यंत किती तगतात याचा तक्ता, मांडलं. पण तिथेही कळप स्थिर आहे असं धरावंच लागतं. शिवाय कोवळ्या कवट्या टिकत नाहीत. नान्नजच्या माळावर तर लांडगे आहेत. पाडसाचं ते काय मागे ठेवणार?

काळविटांपायी हरभरा गमावलेला शेतकरी म्हणेल, कळप वाढलेत हे दिसतंच आहे. त्याचं नुकसान खरंच आहे, पण माळ नांगराखाली गेला की तेवढीच हरणं शिवारात जास्त दिसतात. वाढ मोजायची तर त्याच वाटेने, त्याच महिन्यात, वर्षानुवर्षं मोजणी हवी. त्यातही माद्यांची अडचण उरते. त्यांना सहसा शिंगं नसतात, रंगही काळा होत नाही. वय ओळखू येतं ते नरांचं आणि वंश चालतो माद्यांवर. त्यांच्यासाठी काही माद्यांना खुणेचे पट्टे बांधून त्यातल्या किती पुढच्या वर्षी दिसतात, हेच पाहावं लागेल.